पत्नीचे कागद आणि ‘हौशी’ हे विशेषण

१

‘वाङ्मयीन’ आणि ‘वाङ्मयबाह्य’ ही जुनी विभागणी आता मोडीत निघाली आहे, असे आपल्या चर्चासत्रांतून वारंवार ऐकायला मिळते. संहितेचा दर्जा आधीपासून ठरलेला नसतो. पत्र, रोजनिशी, जाहिरात, जमाखर्चाची वही ह्या सर्वांचे वाचन करता येते, हे तत्त्व म्हणून आपण मान्य केलेले आहे. परंतु मान्य केलेले तत्त्व आणि चालवलेला व्यवहार ह्यांत किती अंतर असू शकते ह्याचा प्रत्यय प्रस्तुत लेखकाला काही काळापूर्वी आला.

एका विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे माझ्या एका विद्यार्थिनीने पीएच.डी.साठी विषय मांडला होता. एका माजी आमदारांच्या दिवंगत पत्नीने मागे ठेवलेले कागद हा तो विषय. एका लोखंडी ट्रंकेत सात वह्या, पाठवलेल्या पत्रांच्या स्वतः उतरवून ठेवलेल्या नकला, आपल्या गावाचा इतिहास लिहिण्यासाठी आयुष्यभर जमवलेली टिपणे आणि त्या इतिहासाचे तीन अपुरे खर्डे. समितीचा निर्णय दहा मिनिटांत झाला : हे वाङ्मय नव्हे, ही साधने आहेत, तेव्हा इतिहास विभागाकडे जावे. विद्यार्थिनी इतिहास विभागाकडे गेली. तेथे सांगण्यात आले की बाई हौशी होत्या, त्यांच्या इतिहासाला संदर्भमूल्य नाही; मात्र आमदारांच्या राजकीय कारकिर्दीवर काही प्रकाश पडत असेल तर कागद जरूर पाहता येतील.

एका विभागाच्या मते त्या लेखिका नव्हत्या, दुसऱ्याच्या मते इतिहासकार नव्हत्या. त्या पत्नी होत्या एवढ्याच मुद्द्यावर दोन्ही विभागांचे एकमत झाले. हे एकमत कोणत्या विचारातून येते आणि ते टिकणारे आहे काय, हे तपासणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

ज्या वह्या वाचकाने पाहिलेल्या नाहीत त्यांच्या आधारे वाद घालणे योग्य नव्हे. म्हणून ज्या प्रकरणातील बहुतेक कागद छापले गेले आहेत, ज्यांवरचे वाद नोंदले गेले आहेत आणि जेथे समितीच्या प्रत्येक युक्तिवादाची पूर्वीच परीक्षा होऊन गेली आहे, असे एक प्रकरण येथे घेतो. ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचे आहे.

२

मर्सी ओटिस वॉरन ह्यांचा जन्म १७२८ चा, मृत्यू १८१४ चा. वसाहतींच्या हक्कांसाठी गाजलेले वकील जेम्स ओटिस हे त्यांचे बंधू. पती जेम्स वॉरन हे मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष आणि पुढे तेथील प्रतिनिधिगृहाचे सभापती. मर्सी वॉरन ह्यांना कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश नव्हता. भावांबरोबर घरी जे शिकता आले तेवढे त्या शिकल्या. १७७२ पासून त्यांनी ब्रिटिश गव्हर्नर आणि त्याच्या हुजऱ्यांची टर उडवणारी नाटके निनावी छापली. १७९० साली स्वतःच्या नावाने काव्य-नाट्यसंग्रह काढला. आणि १८०५ साली, वयाच्या ७७ व्या वर्षी, अमेरिकन क्रांतीचा तीन खंडांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याच्या मुखपृष्ठावर ‘प्लिमथच्या मिसेस मर्सी वॉरन’ असे स्वच्छ छापलेले आहे.

ह्या बाईंनी कागदही मागे ठेवले. मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहात ते आहेत, आणि त्यांत पाठवलेल्या पत्रांच्या नकलांची एक मोठी वही आहे. कागद राहणे ही गोष्ट आपोआप घडत नाही. बंधू जेम्स ओटिस ह्यांनी आपले कागद मृत्यूपूर्वी जाळून टाकले असे त्यांच्या चरित्रकाराने नोंदवले आहे. भावाने जाळले आणि बहिणीने नकला करवून ठेवले. ‘स्त्रियांचे कागद योगायोगाने हाती लागतात’ ही आपली एक आवडती समजूत आहे. येथे तिला आधार नाही.

ह्या कागदांचे पुढे काय झाले? १९१७ आणि १९२५ साली त्याच सोसायटीने ‘वॉरन–ॲडम्स लेटर्स’ नावाने दोन खंड काढले. त्यांत मर्सी वॉरन ह्यांची पत्रे आहेत. परंतु उपशीर्षक सांगते की हा ‘मुख्यतः’ जॉन ॲडम्स, सॅम्युअल ॲडम्स आणि जेम्स वॉरन ह्यांच्यातील पत्रव्यवहार होय. केवळ त्यांच्या निवडक पत्रांचे स्वतंत्र, संपादित पुस्तक निघाले ते २००९ साली, म्हणजे मृत्यूनंतर १९५ वर्षांनी. मधल्या काळात कागद नाहीसे झाले नव्हते. ते कपाटात होते, सूचीत होते, वापरलेही जात होते. फक्त दुसऱ्यांच्या चरित्रासाठी वापरले जात होते.

३

समितीचा पहिला युक्तिवाद असा : पत्रे आणि टिपणे ही साधने आहेत, कृती नव्हेत. कृतीला रचना असते, साधनाला फक्त माहिती असते.

आता ती नकलांची वही पाहा. ती बहुतांशी मर्सी वॉरन ह्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात नाही. त्यांची दृष्टी अधू झाली होती आणि नकला इतरांकडून करवून घेतल्या गेल्या. पत्रे सरळ कालक्रमाने नाहीत. ती ज्याला लिहिली त्या व्यक्तीनुसार लावलेली आहेत. पाठवलेले मूळ पत्र जेथे उपलब्ध आहे तेथे वहीतल्या पाठाशी ताडून पाहता फरक आढळतात. ह्यावरून इतिहासाचा अभ्यासक म्हणेल की वही अस्सल नाही, जपून वापरावी. त्याचे म्हणणे त्याच्या कामापुरते बरोबर आहे. अमुक दिवशी अमुक शब्दांत काय कळवले गेले हे ठरवायचे असेल तर मूळ पत्रच पाहिले पाहिजे.

परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याच पुराव्यावरून नेमका उलटा निष्कर्ष काढला पाहिजे. पत्रे निवडली गेली, लावली गेली, त्यांचा पाठ बदलला गेला. ज्याला लिहिले त्याच्यापलीकडचा वाचक कोणीतरी नजरेसमोर होता. हे संपादन आहे. साधन म्हणून वहीचे मोल ज्या गोष्टीमुळे घटते, त्याच गोष्टीमुळे ती रचना ठरते. म्हणजे एका विभागाने ‘अस्सल नाही’ म्हणून ती नाकारायची आणि दुसऱ्याने ‘हे तर नुसते अस्सल कागद’ म्हणून नाकारायची, हा व्यवहार दोन्हीकडून चुकीचा आहे. दोघांपैकी एकाचेच म्हणणे खरे असू शकते.

पत्र हे खाजगी, म्हणून वाङ्मयबाह्य, हेही त्या काळाला लागू पडत नाही. मुलगा विन्स्लो ह्याला १७७९ साली लिहिलेल्या एका पत्रात मर्सी वॉरन ह्यांनी लॉर्ड चेस्टरफील्ड ह्यांच्या गाजलेल्या पत्रसंग्रहाची, विशेषतः त्यातील स्त्रियांविषयीच्या मतांची, खरपूस झाडाझडती घेतली. ते पत्र ॲबिगेल ॲडम्स ह्यांच्या हाती आले आणि १७८१ साली त्यांनी ते बॉस्टनच्या वृत्तपत्रात छापवले. आईचे मुलाला पत्र, एका पुस्तकाचे परीक्षण आणि सार्वजनिक वादातील लेख, ह्या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत. त्यातली कोणती वाङ्मयीन आणि कोणती वाङ्मयबाह्य, हे समितीने सांगावे.

आपल्याकडे तर हा प्रश्न नवा असूच नये. बखरींची विश्वसनीयता राजवाड्यांनी किती कठोरपणे तपासली हे सर्वज्ञात आहे. पण म्हणून मराठीच्या अभ्यासक्रमातून बखर गेली काय? साधन म्हणून जी डळमळीत ठरली ती गद्य म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवतो. पुरुषांच्या दरबारी गद्याला जी सवलत मिळते ती स्त्रीच्या पत्रवहीला का मिळू नये, ह्याचे सैद्धान्तिक कारण प्रस्तुत लेखकाला आजवर कोणी दिलेले नाही.

४

आता आपल्या नव्या समीक्षेकडे वळू. ह्या समीक्षेला वर सांगितलेली विभागणी मान्य नाही, तेव्हा ती अशा कागदांच्या बाजूने उभी राहील अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती वेगळीच अडचण उभी करते. बार्थ ह्यांनी १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, फूको ह्यांनी १९६९ साली लेखक म्हणजे काय असा प्रश्न विचारला, आणि आपल्याकडे बऱ्याच उशिरा पोचलेली ही दोन्ही निमंत्रणे आपण आदेश म्हणून पाळतो. संहिता कोणाची हे विचारणे हा आता जवळजवळ मागासलेपणा ठरला आहे.

१७८८ साली बॉस्टनमध्ये ‘एक कोलंबियन देशभक्त’ अशा टोपणनावाने एक पुस्तिका निघाली. नव्या राज्यघटनेच्या मसुद्यावर तीत सडकून टीका होती : नागरिकांच्या हक्कांची सनद नाही, मुद्रणस्वातंत्र्याची हमी नाही, दिवाणी खटल्यांत ज्यूरीची खात्री नाही, खड्या सैन्याला आवर नाही. पुस्तिका न्यूयॉर्कमध्येही पुन्हा छापली गेली. हक्कांची सनद १७९१ साली घटनेला जोडली गेली, हे प्रसिद्धच आहे. पुस्तिका लिहिली कोणी? पुढे जवळजवळ दीड शतक ती एल्ब्रिज गेरी ह्या राजकारण्याच्या नावावर होती. १८८८ साली घटनेवरील पुस्तिकांचा जो संग्रह निघाला त्यातही ती गेरी ह्यांच्या नावाने आहे. १९३० नंतरच्या सुमारास चार्ल्स वॉरन ह्या कायद्याच्या इतिहासकाराने सिद्ध केले की ती मर्सी वॉरन ह्यांची होती. पुरावा कोणता? इंग्लंडमधील इतिहासकार कॅथरिन मॅकॉले ह्यांना त्यांनी लिहिलेले एक खाजगी पत्र.

ज्यांना आपण ‘नुसते कागद’ म्हणतो त्यांतल्या एका कागदाने एक राजकीय संहिता तिच्या लेखिकेला परत केली. कोण लिहिते ह्याने काय फरक पडतो, असे येथे विचारून पाहावे. गेरी लेखक असताना ती पुस्तिका घटनासमितीत बसलेल्या, सही नाकारलेल्या एका नाराज प्रतिनिधीची कैफियत होती. मर्सी वॉरन लेखिका झाल्याबरोबर तीच वाक्ये वेगळी वाचावी लागतात : ज्या व्यक्तीला मत नाही, समितीत जागा नाही, सही करण्याचा किंवा नाकारण्याचा प्रश्नच नाही, ती व्यक्ती नागरिकांच्या हक्कांची सनद मागते आहे. शब्द तेच राहिले, अर्थ बदलला. ज्या सिद्धान्ताला हा बदल दिसत नाही तो संहितेचाही नीट विचार करत नाही.

फूको ह्यांचा मूळ प्रश्न लेखकत्व कोणाला, कोणत्या व्यवस्थेने बहाल केले असा होता. तो आपण सोडून दिला आणि लेखक अनावश्यक असल्याचा निष्कर्ष तेवढा उचलला. ज्यांना लेखकत्व कधी मिळालेच नाही त्यांच्या बाबतीत लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणे म्हणजे जन्माची नोंद न करता मृत्यूचा दाखला देणे होय. अशी वेळ मर्सी वॉरन ह्यांच्यावर जिवंतपणीच आली होती. ‘द ग्रुप’ हे त्यांचे १७७५ चे निनावी नाटक दुसऱ्याच गृहस्थाच्या नावावर नोंदले गेल्याचे त्यांना १८१४ साली कळले. तेव्हा ८५ वर्षांच्या ह्या बाईंनी जॉन ॲडम्स ह्यांना पत्र लिहिले आणि ॲडम्स ह्यांनी बॉस्टनच्या ॲथेनियम ग्रंथालयात जाऊन तेथील प्रतीवर लेखिका कोण ते लिहून दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या वारल्या.

५

ॲडम्स ह्यांची ही साक्ष उदार होती. त्यामागची हकीकत मात्र ‘हौशी’ ह्या विशेषणावर पुष्कळ प्रकाश टाकते.

मर्सी वॉरन ह्यांच्या लेखणीला क्रांतीच्या काळात ज्यांनी उत्तेजन दिले त्यांत ॲडम्स अग्रभागी होते. बॉस्टनच्या बंदरात चहा बुडवला गेला तेव्हा त्यावर कविता व्हावी अशी इच्छा जेम्स वॉरन ह्यांना पत्र लिहून त्यांनीच कळवली होती. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले, पायउतार झाले, आणि १८०५ च्या इतिहासात त्यांना आपल्याविषयी वाचायला मिळाले की ह्यांच्या विकारांनी कधी कधी विवेकावर मात केली आणि इंग्लंडमधील वास्तव्यानंतर ते राजेशाहीकडे झुकले. जुलै आणि ऑगस्ट १८०७ मध्ये ॲडम्स ह्यांनी लेखिकेला एकामागून एक दहा पत्रे लिहिली. सत्ताधारी पक्षाला खूश करण्यासाठी हे लिहिले, असाही आरोप त्यांत होता. मर्सी वॉरन ह्यांनी उत्तरे दिली. मजकूर मागे घेतला नाही. हा पत्रव्यवहार १८७८ साली छापला गेला आहे, तेव्हा जिज्ञासूंनी तो मुळातून वाचावा. १८१२ साली गेरी ह्यांच्या मध्यस्थीने समेट झाला. आणि तरीही १८१३ साली गेरी ह्यांनाच लिहिताना ॲडम्स म्हणाले की इतिहास हा स्त्रियांचा प्रांत नव्हे.

कवितेची मागणी करताना हा प्रांताचा प्रश्न उपस्थित झाला नव्हता. विडंबनाचे लक्ष्य गव्हर्नर होता तोवर लेखणी राष्ट्राची होती. ती आपल्याकडे वळताच बाईंनी हद्द ओलांडली. ‘हौशी’ हे विशेषण आपण पात्रतेचे मोजमाप म्हणून वापरतो. त्याचा खरा उपयोग हद्द राखण्यासाठी होतो.

पात्रतेच्याच भाषेत बोलायचे झाले तरी १८०५ साली धंदेवाईक इतिहासकार अमेरिकेत होता कोण? क्रांतीचा इतिहास १७८९ साली लिहिणारे डेव्हिड रॅम्झी हे डॉक्टर होते. त्याआधी वर्षभर आपला इतिहास छापणारे विल्यम गॉर्डन हे धर्मोपदेशक होते. वॉशिंग्टन ह्यांचे चरित्र लिहिणारे जॉन मार्शल हे सरन्यायाधीश होते. अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनची स्थापनाच १८८४ ची. ह्या गृहस्थांना कोणी हौशी म्हणत नाही. त्यांना ‘आद्य इतिहासकार’ म्हणतात. आणि आपल्या राजवाड्यांनी कोणत्या विद्यापीठाची चाकरी केली होती? वासुदेवशास्त्री खरे मिरजेला शाळेत शिकवत होते. मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधन ज्या पायावर उभे आहे तो पाया पगारी इतिहासकारांनी घातलेला नाही. तेव्हा आमदारांच्या पत्नीला हौशी म्हणून बाजूला सारणाऱ्या इतिहास विभागाने आपली वंशावळ एकदा तपासावी.

‘ह्या बाई घटनांच्या फार जवळ होत्या, त्यांना तटस्थता कशी असणार’ असाही एक आक्षेप असतो. मर्सी वॉरन ह्यांनी ती जवळीक लपवली नाही. क्रांतीच्या पुढाऱ्यांशी असलेला नात्याचा आणि मैत्रीचा संबंध त्यांनी प्रस्तावनेतच आपला अधिकार म्हणून मांडला. आणि ॲडम्स ह्यांच्याविषयीचा मजकूर पाहता ह्या जवळिकीने त्यांचा हात आखडला होता असे कोणाला म्हणता येणार नाही.

६

हे सर्व दूरचे वाटत असेल तर घरचे एक उदाहरण पाहू. रमाबाई रानडे ह्यांचे पुस्तक १९१० साली निघाले. त्याचे नाव ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. त्याचे इंग्रजी रूपांतर १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये निघाले तेव्हा नाव झाले ‘हिमसेल्फ’. १९६३ साली कुसुमावती देशपांडे ह्यांचा अनुवाद आला. नाव ‘रानडे : हिज वाइफ्स रेमिनिसन्सेस’. मूळ पुस्तकाचा मोठा भाग न्यायमूर्तींविषयी आहे हे खरे, आणि लेखिकेचा भक्तिभाव कोणी नाकारू नये. पण मराठी शीर्षकातला पहिला शब्द ‘आमच्या’ असा आहे. ह्या सर्वनामाचा विचार करण्याऐवजी दोन्ही वेळा ते पुसून तेथे पतीला बसवण्यात आले. ‘वॉरन–ॲडम्स लेटर्स’च्या उपशीर्षकात जे घडले त्याहून हे निराळे नाही. दोन्ही ठिकाणी मजकूर स्त्रीचा, फलक पुरुषाचा.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे मुळीच नाही की ट्रंकेत सापडलेला प्रत्येक कागद वाङ्मय आहे. तसे म्हणणे म्हणजे निवड करण्याची समीक्षेची जबाबदारीच टाळणे होय. किराण्याची यादी ही किराण्याची यादी असते. परंतु जेथे नकला केलेल्या आहेत, क्रम लावलेला आहे, खर्ड्यांवरून खर्डे झालेले आहेत, तेथे लेखनाचा संकल्प आहे. आणि जेथे संकल्प आहे तेथे तो कितपत सिद्धीस गेला हे पाहणे समीक्षेचे काम आहे. पाहिल्यानंतर लेखन सामान्य ठरले तर तसे म्हणावे. मर्सी वॉरन ह्यांची नाटके प्रस्तुत लेखकाला फारशी थोर वाटत नाहीत. हा निर्णय वाचनानंतरचा आहे. समितीने तो वाचनाआधी दिला, एवढाच आक्षेप आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. असे कागद जेथे ठेवले जातील तेथे त्यांची नोंद ते लिहिणाऱ्या व्यक्तीच्या नावाने व्हावी. पतीच्या दफ्तराचा एक रुमाल म्हणून होऊ नये. हस्तलिखित कागदांचे साक्षेपी संपादन हे मराठीच्या पीएच.डी.साठी पुरेसे काम मानले जावे. जुन्या पोथ्यांच्या बाबतीत आपण ते पूर्वीपासून मानत आलो आहोत. आणि ‘हौशी’ हे विशेषण वापरणाऱ्याने त्याआधी ते कोणत्या पुरुष लेखकाला लावले होते, हे सांगावे.

माझ्या विद्यार्थिनीने विषय बदलला. ती आता एका प्रस्थापित कादंबरीकाराच्या प्रतिमासृष्टीवर प्रबंध लिहीत आहे. त्या विषयाला समितीने त्याच बैठकीत मान्यता दिली. ट्रंक अजून त्या घरी माळ्यावर आहे. आमदारांच्या सूनबाई घर पाडून नवे बांधणार आहेत, आणि कागदांचे काय करायचे असे त्यांनी आम्हाला दोनदा विचारले आहे. विद्यापीठाच्या वतीने त्यांना काय उत्तर द्यावे, हे समितीच्या सदस्यांनी आता लेखी कळवावे.